डॉक्टर, वैद्य, योगवर्ग आणि समुपदेशन : सगळं एका वहीत कसं आणावं

माझ्याकडे येणारी बहुतेक माणसं आधीच तीन-चार ठिकाणी जाऊन आलेली असतात. पर्समधून गोळ्यांची पाकिटं निघतात, चूर्णाची एखादी डबी निघते, मनगटावर कुणीतरी बांधलेला गंडा असतो, मोबाइलवर योगवर्गाचा ग्रुप असतो. यातल्या कुणालाही दुसऱ्याचा पत्ता नसतो. डॉक्टरांना चूर्ण माहीत नाही, वैद्यांना गोळी माहीत नाही, योगवर्गाच्या ताईंना दोन्ही माहीत नाही. घरच्यांना तर यातलं निम्मंही ठाऊक नसतं.

मी बडोद्यात चोवीस वर्षं समुपदेशन करते आहे. सयाजीराव विद्यापीठाच्या शिक्षण आणि मानसशास्त्र विद्याशाखेत शिकले, आता रावपुऱ्यातल्या एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर बसते. शरीर, मन, नाती, पैसा, श्रद्धा या सगळ्यांचा एकत्र विचार करून माणसाला सावरायला मदत करायची, याला एकात्मिक पद्धत म्हणतात. लोकांना वाटतं, म्हणजे सगळे उपचार एकदम सुरू करायचे. त्याने काय होतं ते मी स्वतः भोगलं आहे.

आई २००९च्या डिसेंबरात गेली. महिन्याभरात माझी झोप उडाली. थायरॉइडची गोळी आधीपासून चालू होती. शेजारच्या वहिनींनी मायेनं अश्वगंधा चूर्ण दिलं, ते रात्री दुधातून घ्यायला लागले. एका शिबिरात जलद श्वासाचे प्रकार शिकले, ते पहाटे करायचे. झोपेची गोळी दुसऱ्याच एका डॉक्टरांकडून आणली. सहा आठवड्यांत छाती इतकी धडधडायला लागली की जिना चढताना मध्येच बसावं लागे. मी मानसशास्त्र शिकलेली, त्यामुळे याला शोक हे नाव देऊन टाकलं होतं. आमच्या गल्लीतले म्हातारे फॅमिली डॉक्टर नाडी बघून म्हणाले, "बेटा, पोटात जे जे जातंय आणि अंगावर जे जे प्रयोग चाललेत, ते सगळं एका कागदावर लिहून आण." लिहिलं तर अकरा गोष्टी निघाल्या. अश्वगंधेनं काही जणांत थायरॉइडचं संप्रेरक वाढतं, आणि मी वरून थायरॉइडची गोळी घेत होते. त्यांनी चूर्ण आणि जलद श्वास बंद करायला सांगितलं, रक्त तपासलं, गोळीची मात्रा ठरवली. तीन आठवड्यांत धडधड गेली. आईची आठवण होतीच, ती जायची नव्हती. पण आता तिच्याबद्दल रडता येत होतं, बोलता येत होतं. त्याआधी सगळं लक्ष छातीकडेच होतं.

त्या कागदाची पुढे वही झाली. आज मी प्रत्येकाला पहिल्या भेटीत ती करायला लावते. ही वही कशी ठेवायची आणि तिच्या आधारानं स्वतःची किंवा घरातल्या माणसाची काळजी कशी घ्यायची, ते इथे सांगते आहे.

पण पुढचं काहीही करण्याआधी एक गोष्ट. तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या मनात जीव संपवण्याचे विचार येत असतील, तर वही, योग, पुढच्या आठवड्यातली भेट, कशाचीच वाट बघू नका. १४४१६ हा 'टेली-मानस' या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा सरकारी नंबर आहे. फुकट आहे आणि दिवसरात्र चालतो. बडोद्यात कारेलीबागेत सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय आहे, सयाजी रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. घरच्यांनी सरळ विचारावं, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्यामुळे तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे, उलट विचारणारं कुणी भेटलं की माणसाला सुटल्यासारखं होतं. म्हातारी माणसं "देवानं आता उचलावं" असं सहज बोलून जातात. तेच वाक्य आठवड्यात चार वेळा आलं, जेवण कमी झालं, वस्तू वाटून टाकणं सुरू झालं, तर ते सहज नाही. अशा वेळी माणसाला एकटं ठेवू नका आणि गोळ्यांचा साठा, उंदराचं औषध, फवारणीचं औषध घरातून हलवा. पोलिसांच्या भीतीनं दवाखान्यात न्यायला कचरू नका. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याप्रमाणे जीव देण्याचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असं धरलं जातं, त्याला शिक्षा करायची नसते.

कानात आवाज येणं, चार-चार रात्री झोप नसूनही अंगात अफाट उत्साह, संशय इतका की घरचा चहाही प्यायचा नाही, अशी लक्षणं असतील तरी आधी मनोविकारतज्ज्ञ. समुपदेशन त्यानंतर.

वही कशी मांडायची

साधी शंभर पानी वही घ्या. मोबाइलमध्ये लिहू नका. मोबाइल डॉक्टरांच्या हातात देता येत नाही आणि वैद्यांना तो वरखाली करत बसायला वेळ नसतो.

पहिल्या दोन पानांवर तुम्ही सध्या जे जे घेता आणि करता ते सगळं लिहा. गोळीचं नाव, मात्रा, कधीपासून, कुणी दिली. त्याच यादीत काढा, चूर्ण, होमिओपॅथीच्या गोळ्या, तंबाखू, दिवसाचे चहा, उपवास, प्राणायाम, एखादं व्रत, सगळं. दारूही. हे मी मुद्दाम वेगळं सांगते, कारण गुजरातेत दारूबंदी आहे आणि त्यामुळे इथे माणसं डॉक्टरांपुढेही हे लपवतात. लपवल्यानं दोन धोके होतात. झोपेच्या गोळीबरोबर दारू पोटात गेली तर श्वास मंदावू शकतो. आणि रोज भरपूर पिणाऱ्यानं शपथ घेऊन एका रात्रीत बंद केली, तर दोन-तीन दिवसांत हात थरथरणं, झटके, भ्रम असं होऊ शकतं. घरचे म्हणतात, वेड लागलं. वेड नसतं, शरीराची सवय तुटलेली असते, आणि ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवावी लागते. त्यामुळे खरं लिहा. वही तुमची आहे, दाखवायची ती डॉक्टरांना, सोसायटीच्या सेक्रेटरीला नाही.

त्यानंतर रोज एक ओळ. झोप किती तास, जेवण कसं, अंग किती हललं, मोकळेपणानं कुणाशी बोललात, आणि मन कसं होतं त्याला शून्य ते दहा गुण. दोन मिनिटांचं काम आहे. मोठं लिहायला जाल तर चौथ्या दिवशी वही बंद पडेल, मी शेकडो वह्या बघितल्यात.

या वहीचा एकच नियम आहे. नवी गोष्ट एका वेळी एक, आणि तिला दोन आठवडे द्यायचे. चालणं सुरू केलं तर दोन आठवडे फक्त चालणं. डॉक्टरांनी दिलेलं औषध याला अपवाद, ते सांगितल्याप्रमाणेच चालू ठेवायचं. एकदम पाच गोष्टी सुरू केल्या तर कशानं बरं वाटलं ते कळत नाही, कशानं बिघडलं तेही कळत नाही, आणि थकून पाचही सुटतात.

शेवटच्या पानावर फोन नंबर. डॉक्टर, समुपदेशक, १४४१६, आणि रात्री दोन वाजता ज्याला उठवलं तरी चालेल असं एक माणूस. हे शेवटचं नाव पुष्कळांना पटकन सुचत नाही. मग ते शोधणं हेच आमचं पहिल्या महिन्याचं काम होतं.

शरीराचं आधी बघा

मन उदास आहे म्हणून आलेल्या माणसाला मी पहिल्याच भेटीत रक्ततपासणीबद्दल विचारते. हिमोग्लोबिन, थायरॉइडसाठी टीएसएच, साखर, बी-ट्वेल्व्ह. शाकाहारी घरांत बी-ट्वेल्व्हची कमतरता पुष्कळ आढळते आणि ती थकवा, विसराळूपणा, उदासी, हातापायांना मुंग्या अशा रूपात येते. थायरॉइड मंद असेल तर माणूस हुबेहूब नैराश्यासारखा दिसतो. छातीत दुखत असेल तर ईसीजी आधी, माझी खुर्ची नंतर. पन्नाशीच्या बाईच्या छातीतल्या कळीला 'टेन्शन' म्हणून घरी पाठवलेलं मी पाहिलं आहे, म्हणून हे इतकं आग्रहानं सांगते.

झोपेसाठी आधी उठायची वेळ पक्की करा, झोपायची नाही. रात्री कितीही वाजता डोळा लागो, सकाळी सहा म्हणजे सहा. वीस-एक मिनिटं झोप आली नाही तर अंथरुणातून उठा, मंद दिव्यात काहीतरी रटाळ करा, डोळे जड झाले की परत या. अंथरुणात तळमळत राहिलं की अंथरुणाचीच धास्ती बसते. मकरपुऱ्याच्या कारखान्यांत पाळ्यांमध्ये काम करणाऱ्या मुलांना हे जसंच्या तसं लागू होत नाही. पाळी दर आठवड्याला फिरत असेल तर झोपेचं औषध देण्याआधी पाळी बदलून मिळते का ते विचारायला मी सांगते.

श्वासाबद्दल. जीव घाबरा होतो तेव्हा आपण नकळत भराभर श्वास घेतो, त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि ओठांभोवती मुंग्या, चक्कर, बोटं आखडणं सुरू होतं. माणसाला वाटतं, आता गेलो. अशा वेळी "खोल श्वास घे, खोल श्वास घे" असं ओरडू नका, त्यानं आणखी भराभर श्वास घेतला जातो. श्वास सोडणं लांबवायचं. चार मोजत घ्यायचा, सहा मोजत सोडायचा, म्हणजे मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. भ्रामरी यासाठी उत्तम, कारण गुंजारव करायचा तर श्वास हळू सोडावाच लागतो. कपालभातीसारखे जलद प्रकार मात्र घाबरेपणाचे झटके येणाऱ्यांनी, गरोदर बायकांनी आणि रक्तदाब जास्त असणाऱ्यांनी आपल्या मनानं करू नयेत.

आणि चाला. कमाटीबाग १८७९पासून आहे, सकाळी सहाला तिथे निम्मं बडोदं भेटतं. जुम्मादादा व्यायाममंदिराचं आणि व्यायामाचार्य माणिकरावांचं हे गाव, शरीर घडवलं की माणूस घडतो ही गोष्ट इथे कुणाला समजावून सांगावी लागत नाही. नैराश्यात "इच्छा झाली की जाईन" असं म्हणून चालत नाही. आधी पाय बाहेर पडतात, इच्छा मागून येते. पहिल्या आठवड्यात फाटकापर्यंत जाऊन परत आलात तरी वहीत लिहा.

समा भागातल्या काकू

एक उदाहरण सविस्तर सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, काकूंना विचारूनच लिहिते आहे.

२०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा काकूंचं तळमजल्याचं घर पाण्याखाली गेलं. नंतर मुलानं सगळं नवं करून दिलं, फ्रीज, सोफा, गाद्या. पुढच्या जूनमध्ये पहिला पाऊस झाला आणि काकू रात्रभर पलंगावर पाय वर घेऊन बसून राहिल्या. माझ्याकडे आल्या तेव्हा 'भीती' हा शब्द त्यांनी एकदाही उच्चारला नाही. म्हणाल्या, "ताई, गभरामण होते. पोटात कालवतं. घर खायला उठतं."

आमच्या बडोद्याच्या मराठीत गुजराती अशी सहज मिसळलेली असते, आणि 'गभरामण' हा शब्द मला फार उपयोगाचा वाटतो, कारण त्यात छाती आणि मन दोन्ही येतात. आपली माणसं मनाचं दुखणं शरीराच्या भाषेत सांगतात. छातीवर दगड, डोक्यात भणभण, पोटात गोळा, अंगातलं बळ गेलं. हे ऐकून "म्हणजे तुम्हाला अँग्झायटी आहे" असं भाषांतर करून हातात देऊ नये. त्यांचाच शब्द धरावा. दगड कधी जड होतो? कुणी आलं की हलका होतो का? मी वहीत त्यांना 'गभरामण : ०-१०' असाच रकाना करून दिला.

पहिले दोन आठवडे शरीराचे. ईसीजी ठीक, बी-ट्वेल्व्ह कमी निघालं, डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली. रात्री भ्रामरी, पाच मिनिटं. गभरामण आठावरून सहावर आली, तिथे अडली.

मग मी त्यांच्या घरी गेले. समुपदेशकानं घरी जाऊ नये असं आम्हाला शिकवलेलं असतं आणि बहुतेक वेळा ते बरोबरच आहे, पण इथे जायला हवं होतं. सगळ्या घराला नवा रंग होता, फक्त देवघराच्या बाजूची एक भिंत तशीच ठेवलेली. तिच्यावर पाण्याची मळकट रेघ. काकूंनी तिच्यावर तळहात ठेवला आणि म्हणाल्या, "इथपर्यंत. माझ्या सासूबाईंचा देव्हारा इथपर्यंत पाण्यात होता आणि मी वरच्या मजल्यावर दुसऱ्यांच्या घरी पोहे खात बसले होते." लाकडी देव्हारा फुगून फुटला होता, तो मुलानं कचऱ्याबरोबर पाठवून दिला होता. फ्रीज नवा आला, देव्हारा आला नव्हता. देव एका डब्यात होते.

दहा-एक महिन्यांत हे कुणी विचारलं नव्हतं. मीही पहिल्या तीन भेटींत विचारलं नव्हतं.

तिथून पुढे कामाचे तीन पदर झाले, ते एकामागून एक घेतले. पहिला अगदी व्यवहाराचा. पूर पुन्हा येऊ शकतो, ही भीती खोटी नाही, त्यामुळे "काही होत नाही हो" असं म्हणण्यात अर्थ नव्हता. कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वरच्या मजल्यावरच्या बेनकडे ठेवली. औषधांची, टॉर्चची आणि देवांची पिशवी कुठे ठेवायची आणि कुणी उचलायची ते मुलाबरोबर बसून ठरवलं. त्या आठवड्यात वहीत पहिल्यांदा चार आला.

दुसरा पदर पावसाचा. ज्याची भीती वाटते त्याच्यासमोर थोडं थोडं, ठरवून आणि सोबतीनं जायचं. आधी मोबाइलवर पावसाचा आवाज पाच मिनिटं. मग रिमझिम असताना दारात उभं राहणं. मग सुनेबरोबर ओट्यावर बसून चहा. काकू प्रत्येक वेळी आधीचा आणि नंतरचा आकडा लिहायच्या. पायरी उतरायची ती त्यांनी ठरवल्यावरच, मी एकदाही ढकललं नाही. बोलण्यात अपराधीपणाचा विचारही घेतला, 'मी पोहे खात बसले होते' हा. विचार तपासायच्या पद्धतीत आम्ही विचारतो, या विचाराला पुरावा काय? त्या दिवशी काकू काय करू शकल्या असत्या, ते त्यांनी तासतास लिहून काढलं. मध्यरात्री पाणी, वीज नाही, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. लिहून झाल्यावर त्या बराच वेळ गप्प होत्या.

तिसरा पदर देव्हाऱ्याचा. तो माझ्या अभ्यासक्रमात कुठेच नव्हता. लेकानं सुताराकडून तसाच देव्हारा करून घेतला, गुरुजी आले, देव बसले, सोसायटीतल्या सगळ्यांना प्रसादाला बोलावलं. जेवताना पहिल्यांदाच शेजारी एकमेकांना आपापल्या पुराच्या गोष्टी सांगत होते. त्यानंतर भिंत रंगवायला काकूंनी स्वतःच सांगितलं.

देव्हाऱ्यानं त्या बऱ्या झाल्या असं मी म्हणणार नाही. इंजेक्शनाशिवाय अंगात ताकद आली नसती, श्वासाशिवाय दारात उभं राहता आलं नसतं, पिशवी ठरल्याशिवाय मन मानलं नसतं. १९७७मध्ये जॉर्ज एंगेल या अमेरिकन डॉक्टरांनी 'सायन्स' नियतकालिकात मांडलं की आजार समजून घ्यायचा तर शरीर, मन आणि समाज हे तिन्ही एकत्र बघावे लागतात. चरकसंहितेत उपचारांचे तीन प्रकार सांगितलेत. दैवव्यपाश्रय म्हणजे मंत्र, पूजा, व्रत. युक्तिव्यपाश्रय म्हणजे आहार आणि औषध. सत्त्वावजय म्हणजे अहितकर विषयांपासून मन आवरणं. काकूंच्या वहीत हे तिन्ही होते, तारीखवार.

बोलायला कुणाकडे जायचं

'समुपदेशक' ही पाटी लावणाऱ्याचं शिक्षण विचारा. संकोच करू नका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्यांची नोंदणी असते, नंबर विचारता येतो. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारात शिकलेले डॉक्टर, औषध तेच लिहितात. पहिल्या भेटीत फी, वेळ आणि गुप्ततेच्या मर्यादा स्पष्ट व्हायला हव्यात. तुमचं बोलणं खोलीबाहेर जाणार नाही, पण कुणाच्या जिवाला धोका असेल किंवा लहान मुलावर लैंगिक अत्याचार होत असेल तर ते कळवावंच लागतं.

कोण चालणार नाही तेही सांगते. डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद करा म्हणणारे. अमुक बैठकांत शंभर टक्के बरं करतो म्हणणारे. तुमची परवानगी न घेता अंगाला हात लावणारे. घरच्यांपासून तोडून आपल्यावरच अवलंबून ठेवणारे. यातलं एक जरी दिसलं तरी उठून या.

नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, म्हणून आठव्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून सोडू नका. बरं वाटलं म्हणून एकदम बंदही करू नका, डॉक्टर हळूहळू कमी करतात. वैद्यांकडे जाणार असाल तर अवश्य जा, वही घेऊन जा.

भाषेचा विचार करा. बडोद्यातली आपली मुलं शाळेत इंग्रजी, रस्त्यावर गुजराती, घरी मराठी बोलतात. राग कुठल्या भाषेत येतो, आईची आठवण कुठल्या भाषेत येते, त्या भाषेत बोलता आलं पाहिजे. मला एक मुलगा महिनाभर छान इंग्रजीत सगळं समजावून सांगत होता. एके दिवशी मी म्हटलं, "हे बाबांना मराठीत कसं सांगशील?" आणि त्याला पुढे बोलताच आलं नाही. खरं काम त्या दिवशी सुरू झालं.

पद्धत कुठलीही असो, समोरच्या माणसाजवळ तुम्हाला सुरक्षित वाटतंय का, हे सगळ्यांत मोठं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५७मध्ये मांडलेल्या गोष्टींपैकी तीन आम्ही पहिल्या वर्षी शिकतो. समोरच्याच्या जागी जाऊन समजून घेणं, त्याचा विनाअट स्वीकार, आणि स्वतः खरं असणं. चार भेटींनंतरही आपलं म्हणणं समजलं नाही असं वाटत असेल, तर तसं त्यांना सांगा. चांगला समुपदेशक ते ऐकून घेतो, आणि जमत नसेल तर दुसरं नाव सुचवतो.

ध्यान, लिहिणं, श्रद्धा

बडोद्यातल्या एका वाड्यात जानेवारी १९०८मध्ये योगी विष्णू भास्कर लेले यांनी अरविंदबाबू घोषांना तीन दिवस खोलीत बसवलं आणि त्यांचं मन निःशब्द झालं, ही गोष्ट आमच्याकडे आदरानं सांगितली जाते. मलाही ती प्रिय आहे. पण ती ऐकून खचलेल्या मुलाला दहा दिवसांच्या मौनाला पाठवू नका. ज्याच्या मनात जुना आघात ताजा आहे, किंवा ज्याला भास होतात, त्याला लांबलचक मौन आणि ध्यान त्रासदायक ठरू शकतं. त्यानं डोळे उघडे ठेवून दिसणाऱ्या पाच वस्तू, अंगाला जाणवणारे चार स्पर्श, कानावर येणारे तीन आवाज मोजावेत. एवढं पुरे.

लिहिण्याचा एक प्रयोग करण्यासारखा आहे. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनाला लागलेल्या गोष्टीबद्दल मोकळेपणानं लिहायला सांगितलं होतं. शुद्धलेखन बघायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही. हे वेगळ्या कागदावर लिहा आणि हवं तर फाडून टाका. लिहिल्यावर त्या दिवशी थोडं जड वाटतं, ते ठाऊक असू द्या. सहनच होत नसेल तर थांबा.

घरात कुणी गेलं असेल तर तेरावा, महिन्याचं श्राद्ध, वर्षश्राद्ध हे उरकून टाकू नका. मानत नसाल तर नका करू, पण त्या तारखांना एकत्र बसा, गेलेल्या माणसाच्या आवडीचं करा, नाव घेऊन बोला. शोकाला वेळापत्रक लागतं, आपल्या जुन्या लोकांनी ते करून ठेवलं आहे. भजनी मंडळात जाणाऱ्या बायकांना मी कधीच "आता हेही करा, तेही करा" असं सांगत नाही. आठवड्यातून दोनदा चार जणींबरोबर गळा मोकळा करून गाणं, हे त्यांच्या वहीत आधीच लिहिलेलं असतं.

आणि एक गोष्ट मी नव्या समुपदेशकांना कमाटीबागेत नेऊन सांगते. १९१७मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीत आले, शहरात कुणी राहायला जागा दिली नाही, नाव बदलून ज्या पारशी धर्मशाळेत उतरले होते तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्यांनी त्यांना हाकललं. रात्रीच्या गाडीपर्यंतचे तास त्यांनी याच बागेत काढले. त्या माणसाला कुणी दीर्घ श्वास घ्यायला सांगितलं असतं तर? तुमच्यासमोर बसलेल्याचा त्रास जातीचा अपमान असेल, सासरची मारहाण असेल, थकलेला पगार असेल, तर आधी वकील, पोलीस, संघटना, राहायला जागा. मन शांत करण्याचे उपाय त्याच्यासोबत चालतात, त्याऐवजी चालत नाहीत. बाईला मार पडत असेल तर १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर वहीच्या शेवटच्या पानावर असायला हवा.

वही कधी थांबवायची

बरं वाटायला लागलं की भेटी आठवड्यावरून पंधरवड्यावर, मग महिन्यावर न्या. एकदम बंद करू नका. महिन्यातून एकदा जुनी पानं चाळा आणि आकडे कधी घसरले होते ते बघा. त्याच्या आधीच्या आठवड्यात बहुतेक वेळा झोप गेलेली असते, किंवा कुणाशी तरी बोलणं बंद झालेलं असतं. ही तुमची स्वतःची खूण आहे, ती पानाच्या वर लाल शाईनं लिहून ठेवा आणि घरातल्या एकाला सांगून ठेवा.

काकूंची खूण पाय वर घेऊन बसणं ही आहे. सुनेला ती माहीत आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस पडायच्या आत, काकू एकदा माझ्याकडे येतात. वही पुढे करतात, वरच्या बेनकडे ठेवलेल्या पिशवीतल्या कागदांची यादी वाचून दाखवतात, आणि आम्ही दोघी ती एकदा मोजतो.